भट्टीचा वास

गिरणवाल्याने ओढ्याच्या वरच्या अंगाला बांध घातला आणि खाली घाटावर जेमतेम घोटाभर पाणी उरलं. धुण्याच्या दगडांची खालची अंगं आजवर कोणी पाहिली नव्हती. ती आता वाळक्या शेवाळासकट उघडी पडली होती. परटाने दोनचार दिवस वाट पाहिली, मग एक धुतलेला सदरा चढवून तो गिरणीवर गेला.

"मालक, पाणी जरा सोडलंत तर बरं होईल. धुणं अडलंय."

गिरणवाला पोत्यावर बसून दात कोरत होता. "माझं चाक अडलं तर गावाचं दळण अडेल. तुझं धुणं अडलं तर काय होईल? लोक मळके फिरतील. मळक्यानं कोणी मेलंय का आजवर?"

बसलेले लोक हसले. परीटही हसला. मालकाच्या विनोदाला हसला नाही त्याला पुढच्या वेळी काम मिळत नाही, हे तो बापाकडून शिकला होता. शिवाय गावात सगळ्यात मोठं बोचकं गिरणवाल्याच्या घरचं. भांडणार कोणाशी?

घरी येऊन त्याने ही गंमत बायकोला सांगितली. परटीण भट्टीखालची राख उकरत होती. ती काही हसली नाही.

"मळक्यानं कोणी मेलंय का, असं म्हणाला?"

"अगं, चेष्टा केली त्यानं."

"आपल्या घरात ती चेष्टा नाही," परटीण म्हणाली आणि पुन्हा राख उकरायला लागली.

तिचं खरंच होतं. या घरात मळक्याने मरणारं माणूस होतं आणि ते आतल्या खोलीत, घासून पांढऱ्या केलेल्या फळीवर बसून गाणं म्हणत होतं. ती परटिणीची लेक. पोरीला जन्मापासून एक दुखणं गेलं की दुसरं दारात उभं. कधी कान वाहायचा, कधी छाती भरायची, कधी तोंड आतून सोलून निघायचं. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीने शेवटी रक्त तपासून सांगितलं होतं, की हिच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद तयारच होत नाही. "तुम्हाआम्हाला जे नुसतं शिंकेवारी जातं, ते हिला अंथरुणावर पाडेल," असं ती म्हणाली. तेव्हापासून दर महिन्याला पोरीला नेऊन सलाईन लावून आणायची, पाणी उकळून द्यायचं, गर्दी नाही, जनावर नाही, माती नाही. सासूने नातीचं नाव ठेवलं ठकी, लाकडी बाहुलीचं. "ठकीसारखीच आहे ही," ती म्हणायची. "कोनाड्यात ठेवायची आणि लांबून बघायची."

एवढ्यावर भागलं असतं तर ती माणसं नशीबवानच म्हणायची. पण पोर चालायला लागली तशी दारांना धडकायला लागली. पुन्हा दवाखाना. या वेळी डोळ्यांचा डॉक्टर. डोळ्यामागचा पडदा विरत चाललाय, तो म्हणाला. विरणं म्हणजे काय हे परटिणीला कोणी समजावून सांगायला नको होतं. विरलेलं कापड कितीही जपून धुतलं तरी पुन्हा घट्ट होत नाही.

त्याच दवाखान्याच्या एकाच बोळात, एकाच दिवशी, तिला दोन सल्ले मिळाले. एका खोलीतली बाई म्हणाली, "आतापासून हिला हातानं बघायची सवय लावा. दिसेल ते हातात द्या, चाचपू द्या." आणि पलीकडच्या खोलीतली डॉक्टरीण म्हणाली, "हिचे हात जपा. सगळं दुखणं हातावाटेच आत जातं." परटीण बोळात मधोमध उभी राहिली. कडेवरची ठकी तिचा कान चाचपत होती. तो चाचपू द्यावा की हात काढावा, हेच तिला क्षणभर कळेना.

पण ती परटीण होती. स्वच्छ म्हणजे काय हे तिच्याइतकं गावात कोणाला ठाऊक असणार? तिने घराचे दोन भाग केले. पुढच्या पडवीत मळकं, मागच्या खोलीत धुतलेलं, आणि मध्ये उंबरा. मळकी चिंधीसुद्धा त्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. पुढचं बोचकं घाटाशेजारच्या भट्टीवर जायचं, सोड्याच्या पाण्यात रटरट शिजायचं, ओढ्यात खळबळून निघायचं, उन्हात कडक वाळायचं आणि मागच्या दाराने घरात यायचं. ज्या घरात आजारी माणूस असेल त्या घराने आपलं बोचकं वेगळं बांधून त्याला काळी चिंधी लावायची, ही घाटाची जुनी रीत. चिंधीचं बोचकं परीट सगळ्यात शेवटी, वेगळ्या पाण्यात शिजवायचा.

कपडे ओळखायला आधी शाईचे ठिपके असायचे. ठकीसाठी परटिणीने ते बंद केले आणि प्रत्येक घराची खूण दोऱ्याने टाचली. मास्तरांची एक गाठ, लोहाराची फुली, गिरणवाल्यांच्या तीन गाठी आणि आडवा टाका. नवरा कुरकुरला. "एका पोरीसाठी गावाचे कपडे शिवत बसणार का तू?" पण ठकी जेव्हा डोळे मिटून कपड्यांचे गठ्ठे भराभर वेगळे करायला लागली, तेव्हा तो गुपचूप पुढे सरकून बघायला लागला.

"मास्तर आले," ठकी सदऱ्याचा कोपरा चाचपत म्हणायची. "मास्तरांची कोपरं झिजलीत. शाळेत टेबलावर झोपतात वाटतं."

"पोरी, हळू. ऐकतील."

"लोहारकाकांना ठिणगी लागली. बाहीला नवीन भोक आहे. आजी, तुझ्या झंपराचा काखेत उसवलेला टाका कोणी शिवायचा?"

"मेले, माझ्या काखेत हात घालतेस?" सासू उंबऱ्याबाहेर पाय धुऊन बसलेली असायची. नातीला जवळ घेता येत नाही म्हणून तिथूनच बोलायची. "बघा, आंधळी म्हणतात हिला. गावाची लक्तरं हिलाच दिसतात."

"आणि आपली खूण कुठली गं आई?"

"बिनखुणेचं असेल ते आपलं."

ठकीला हे फार आवडायचं. बिनखुणेचा कपडा हाताला लागला की ती तो गालाला लावायची.

बांध घातला गेल्यावर हे सगळं विस्कटलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. भट्टीला पाणी हवं, खळबळायला दुप्पट हवं, आणि ते सगळं गावाच्या टोकाच्या हापशावरून आणायचं. परटीण पहाटे हातगाडीवर पिंपं लादून निघायची. सोड्याने तिच्या तळव्यांना आधीच भेगा होत्या, त्यांत आता हापशाच्या दांड्याने फोड उठले. खांदा इतका दुखायचा की केस विंचरायला हात वर होत नसे. नवरा घाटावर डबक्यात कपडे बुडवायचा आणि गढूळ पाण्याला शिव्या घालायचा.

"सगळं धुवायला पाणी पुरणार नाही," एक दिवस तो म्हणाला. "माझा बाप काय करायचा ठाऊक आहे? डाग नाही, वास नाही, असे कपडे बाजूला काढायचा. पाणी शिंपडायचं, घडी घालून मुरू द्यायचं आणि वर इस्त्री. घालणाऱ्याच्या बापाला कळत नाही."

"तुमच्या बापाच्या घरात ठकी नव्हती."

"मग तूच सांग, पाणी कुठून आणू? डोळ्यातून?"

त्या दिवशी ती आणखी एक खेप जास्त करून आली.

पण एकदा गिरणवाल्यांच्या घरून गाडीभर बोचकं आलं. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, सगळं उद्याच्या उद्या परत हवं होतं. चिंधी कुठेच नव्हती. परटीण हापशावर गेली तर बायकांनी तिची गाडी अडवून धरली.

"हे पिण्याचं पाणी आहे, परटिणी. धुण्याचं नाही."

"तुमचेच कपडे आहेत त्यात, वहिनी."

"आमचे नाहीत, गिरणवाल्यांचे आहेत. त्यांनी पाणी अडवायचं आणि आमच्या तोंडचं तू त्यांच्या धोतरात ओतायचं?" बोलणारीने पायाने पिंप ढकललं. भरलेलं पाणी चिखलात पसरलं. एकदोघी हसल्या, एकीने मान फिरवली. परटिणीने पिंप उभं केलं, रांगेच्या शेवटी जाऊन थांबली आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा अर्धं पिंप घेऊन घरी आली.

पडवीत बसून तिने बोचकं उपसलं. मळके तेवढे नवऱ्याने भट्टीवर नेले. उरले उशांचे अभ्रे, पांढरेशुभ्र. तिने एकेक हुंगला, उजेडात धरला. डाग नाही, वास नाही. एवढंच की ते उलटे होते. आतल्या कोपऱ्यातली गाठींची खूण बाहेर दिसत होती. तिने ते पाहिलं. मोलकरणीने घाईत चढवले असतील, असं मनाशी म्हणाली आणि अभ्रे उचलून उठली.

उंबऱ्यापाशी तिचा पाय अडला. आजवर तो उंबरा तिने सासूला ओलांडू दिला नव्हता, नवऱ्याला आंघोळीशिवाय ओलांडू दिला नव्हता. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि आत गेली. अभ्र्यांवर तिने कढत पाणी शिंपडलं. तेवढीच मनाची समजूत.

ठकी फळीवर बसली होती. रोजच्यासारखे दोन्ही हात धुऊन, कोपरापासून वर धरून.

"हात धुतले! दे."

आज राहू दे, असं म्हणता आलं असतं. पण मग का, असं ठकीने विचारलं असतं, सासूने विचारलं असतं. आणि ते वर धरलेले दोन हात. परटिणीने अभ्रे तिच्या पुढ्यात ठेवले आणि पाठ फिरवून इस्त्रीचे कोळसे फुंकायला बसली.

ठकीने पहिला अभ्रा हातात घेतला. तो नाकाशी नेऊन हुंगला. मग म्हणाली, "गिरणवाले आले. आई, हे उलटे आहेत."

"सुलटे कर."

ठकी अभ्र्यात हात घालून कोपरा पकडायची आणि मोजा फिरवावा तसा अभ्रा बाहेर ओढायची. एक झाला, दोन झाले. पुढच्यात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि थांबली.

"आई, याला आत खळ लागलीये."

"लागली असेल."

"अभ्र्याला खळ कोण लावतं?"

"श्रीमंत माणसं लावतात," बाहेरून सासू म्हणाली. "त्यांच्या झोपेलासुद्धा इस्त्री लागते."

ठकी खिदळली. परटीणही हसली. ठकीने नखाने खरवडून पाहिलं, मग डोळा चोळला आणि अभ्रा बाजूला ठेवून पुढचा घेतला.

इस्त्री तापली. परटिणीने गठ्ठा ओढला. सुलटा केलेला तो अभ्रा तिच्यासमोर आला आणि त्याच्यावर तळहाताएवढा पिवळा डाग होता. कडक वाळलेला, मध्ये तांबूस, त्यात लहान पोराचा केस चिकटलेला. डागाची एक कड नखाने खरवडलेली होती. खळ कसली, फुटलेल्या फोडांचा पू होता तो. मोलकरणीने अभ्रा उलटा करून डाग आत लपवला होता आणि मालकिणीने चिंधी बांधायचं टाळलं होतं. गिरणवाल्यांच्या घरात असले रोग होत नाहीत ना!

परटिणीने इस्त्री तशीच जमिनीवर टाकली. ठकीला ओढत मोरीवर नेलं आणि सोड्याच्या कढत पाण्यात तिचे हात धुवायला लागली. धुतले, पुन्हा धुतले, बोटन् बोट, नखन् नख. डोळे धुतले.

"आई, भाजतंय! आज किती धुतेस?"

"गप बस."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. गप बस म्हटलं ना!"

तिने तो अभ्रा कोळशाच्या पोत्यामागे कोंबला. कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणवालीचा गडी निरोप घेऊन आला की एक अभ्रा कमी आहे. वाऱ्याने उडाला असेल, परटीण म्हणाली. गडी तिच्या अंगावरून नजर फिरवून म्हणाला, "वाऱ्याला बरे पांढरेच आवडतात." तेही तिने ऐकून घेतलं.

मग ती वाट बघत राहिली. आपल्या पोरीच्या अंगात काय पेरलं गेलंय हे ठाऊक असणं आणि ते उगवायची वाट बघणं, याच्यासारखी शिक्षा नाही. तिने ठकीच्या कपाळाला इतक्या वेळा हात लावला की ठकी म्हणाली, "आता तू मला हातानं बघतेस."

आधी नखाच्या कडेला लाल ठिपका आला, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. सकाळी बोट वांग्यासारखं टरारलं. दुपारी ताप. संध्याकाळपर्यंत लाल रेघ मनगटाच्या वर सरकली होती आणि डोळ्याची पापणी सुजून मिटली होती. परटाने गाडी जुंपवली आणि तिघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरणीने बोट पाहिलं, डोळा पाहिला. "कशात हात घातला होता हिने? नीट आठवून सांगा. काय लागलंय ते कळलं तर नेमकं औषध लगेच देता येईल."

नवरा बायकोकडे बघत होता. परटिणीच्या डोळ्यांपुढे तो पिवळा डाग उभा राहिला आणि तिच्या तोंडातून निघालं, "कशातच नाही. आम्ही हिला कशालाच हात लावू देत नाही."

"मग अंदाजाने सुरू करते," डॉक्टरीण म्हणाली.

सकाळी परटीण बोळात तिच्या मागे धावली. दुसरं कोणी ऐकणार नाही अशा जागी तिला गाठून एका श्वासात सगळं सांगितलं. फोड, पू, अभ्रा. डॉक्टरणीने ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"हे काल सांगायचं होतंत," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर परटिणीला बरं वाटलं असतं.

औषध बदललं, पण बोटाची दोन पेरं कापावी लागली. जीव वाचला. तापात डोळ्यांचं जे काही उरलंसुरलं होतं तेही गेलं. आता ठकीला खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, खिडकीबाहेर काय आहे ते नाही. घरी परतताना गाडीत ती बँडेजचा हात आईच्या तोंडावर ठेवून म्हणाली, "आई, तू कापसाची झालीस."

गावात परतल्यावर कळलं की फोड आता लपवण्यापलीकडे गेले होते. गिरणवाल्याचा नातू, गिरणीवरच्या हमालांची पोरं, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या डोक्यात, मानेवर पुवाचे फोड. बाकीची पोरं मलम लावून खेळत होती. त्यांना काय, आठ दिवस खाज आणि मग खपली.

आणि मग एका दुपारी गिरणवाली स्वतः परटाच्या दारात आली. नाकाला रुमाल लावून. तिच्या मागे हापशावरच्या चारपाच बायका, मास्तर, लोहार. परटीण पडवीत उठून उभी राहिली. नवरा खांबाला टेकून राहिला.

"स्पष्ट बोलते, परटिणी, राग मानू नकोस," गिरणवाली म्हणाली. "गावभर पोरांना फोड आलेत. कुठून आले, याचा विचार आम्ही केला. तुझी रोगट पोर गावाच्या कपड्यात बसते. सगळ्यांच्या कपड्यांना हात लावते. खोटं आहे का?"

"धुतलेल्या कपड्यांना लावते, बाई."

"लावते ना? झालं तर. तिच्या अंगातलं तुम्ही घडी घालून घरोघर पोचवलंत."

"तुमच्या नातवाला आधी आले की आमच्या पोरीला?" सासू कोपऱ्यातून म्हणाली. "काळी चिंधी कोणाच्या बोचक्याला नव्हती, ते विचारा आधी."

"म्हातारे, तोंड सांभाळ. आमच्या घरातनं रोग आला म्हणतेस? आहे काही पुरावा?"

पुरावा पोत्यामागे होता. चार पावलांवर. परटिणीचा हात नुसता शिवशिवला. तो अभ्रा हिच्या तोंडावर फेकावा, तीन गाठी आणि आडवा टाका सगळ्यांना दाखवावा, त्यात चिकटलेला तिच्या नातवाचा केस दाखवावा. पण त्याच्यापुढचा प्रश्न तिला आताच ऐकू येत होता. हा डाग तुझ्या घरी राहिलाच कसा? म्हणजे तू धुतला नव्हतास? म्हणजे तू आमचे कपडे न धुताच इस्त्री मारून देतेस? एकदा हे गावाच्या तोंडी पडलं की भट्टी कायमची विझली. भट्टी विझली की महिन्याचं सलाईन बंद. सलाईन बंद झालं की मग कशालाच काही अर्थ नव्हता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला त्या अभ्र्याचं काही ठाऊक नव्हतं, पण शिंपडलेल्या कपड्यांचं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आम्ही काही तुमच्या पोटावर पाय देणारी माणसं नाही," गिरणवालीचा आवाज मऊ झाला. "पोरीचा हात कपड्याला लागायचा नाही, एवढंच. बांधून ठेवा, काय करायचं ते करा. मी ह्यांना सांगून ओढ्याला पाणी सोडायला लावते. फक्त चार माणसांसमोर कबूल कर, म्हणजे लोकांच्या मनात राहायचं नाही. कुठून आला रोग?"

उंबऱ्याच्या आत, फळीवर, ठकी बसली होती. दार उघडं होतं. तिने मान आवाजाकडे वळवली होती.

परटीण दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"माझ्या पोरीमुळं आला, बाई," ती म्हणाली. "चुकलं आमचं."

"बघा," गिरणवाली मागच्या बायकांना म्हणाली. "कबूल केलं की मन कसं हलकं होतं." आणि रुमाल नाकावरून न काढता निघून गेली. लोहार मागे थांबला, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं, मग तोही गेला. सासूने भिंतीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय." परटीण जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

दोनच दिवसांत पाणी आलं. दगड पुन्हा बुडाले, परीट कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कपडे आपटायला लागला. गावची बोचकी आली, गिरणवाल्यांची गाडी आली. परटिणीने जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवल्या, उकळल्या आणि ठकीच्या हातांत चढवून मनगटाला नाडीने बांधल्या. ठकीने हात पुढे केले. गठ्ठे आता सासू वेगळे करायची, चुका करायची आणि शिव्या खायची.

एका सकाळी घरात दोघीच होत्या. परटिणीने कोळशाच्या पोत्यामागे हात घातला आणि तो अभ्रा बाहेर काढला.

"आई, तो अभ्रा ना?" ठकी आतून म्हणाली. "खळीचा?"

परटीण दचकली. "तुला कसं कळलं?"

"पोतं सरकवलंस. त्या दिवशीपण पोतं सरकवलं होतंस, माझे हात भाजलेस ना, त्याच्यानंतर." ठकी पिशवीतले हात मांडीवर ठेवून बसली होती. "आई, ती खळ नव्हती. हो ना?"

"नव्हती."

"मला वाटलंच. कारण अभ्रे धुतलेलेच नव्हते. भट्टीचा वास नव्हता त्यांना. नुसता ओल्याचा वास होता."

परटिणीच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच अभ्र्याला."

"मग बोलली का नाहीस गं?" तिचा आवाज चिरकला. "मेले, एकदा बोलायचं होतंस! मी काढून घेतले असते, लगेच काढून घेतले असते!"

"म्हणून तर नाही बोलले," ठकी म्हणाली. "त्या दिवशी धुतलेलं काहीच नव्हतं. तू काढून घेतले असतेस, तर मग मी दिवसभर काय बघितलं असतं?"

परटीण उठली. मागच्या दाराने भट्टीवर गेली. पाण्यात दुप्पट सोडा टाकला, अभ्रा त्यात सोडला आणि खाली लाकडं सारत राहिली. लाकडीने तो डाग खाली दाबायची, तो वर यायचा, ती पुन्हा दाबायची. डाग आधी तपकिरी झाला, मग फिका, मग गेला. केस पाण्यात तरंगला तो तिने बोटाने काढून फेकला. अभ्रा ओढ्यात खळबळला, पिळला, कडक उन्हात टाकला. गिरणवाल्याने सोडलेल्या पाण्यात तो इतका पांढरा निघाला की नीळ द्यायचीही गरज पडली नाही.

वाळल्यावर तिने तो मागच्या दाराने घरात आणला, इस्त्री मारली, तीन गाठींचा कोपरा आत घेऊन घडी घातली आणि गिरणवाल्यांच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवला. सापडला म्हणून सांगायचं ठरवलं होतं.

गठ्ठा घेऊन ती फळीजवळून जात होती, तेव्हा ठकीने मान वर केली आणि नाक पुढे केलं.

"आता येतोय वास," ती म्हणाली. "आता नीट धुतलास."